सांडू कुणाचा

दगडाबाईला मूल नव्हतं. म्हणजे ती तसं सांगायची. पंचविशी ओलांडलेला, भरघोस मिशांचा, दारातून आत येताना मान वाकवावी लागणारा सांडू रोज तिच्या चुलीपुढं बसून भाकरी खायचा, तिला "माय" म्हणून हाक मारायचा, आणि तरीही कुणी विचारलं, "हा तुमचा मुलगा का हो?" की बाईचं ठरलेलं उत्तर: "माझा कुठला? साळूचा हाय तो. समोरच्या साळूचा."

औरंगाबादेत भावसिंगपुऱ्यात तिच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या तेव्हा पहिल्याच दिवशी हे उत्तर मला मिळालं. मी तेव्हा नव्यानं शाळेत शिकवायला लागले होते, त्यामुळं जगातलं सगळं आपल्याला कळतं असं मला वाटायचं. मी ह्यांना म्हटलं, घरमालकीण भ्रमिष्ट दिसते, दुसरीकडं खोली बघा. आमचे हे, म्हणजे व्यंकटराव, कोर्टात कारकून. ते म्हणाले, "भ्रमिष्ट असली तर भाडं वाढवायचं विसरेल." दगडाबाई भाडं वाढवायचं कधी विसरली नाही.

खरी गोष्ट मला सांडूच्या बायकोनं, आवडानं, सांगितली. सांडूच्या आधी दगडाबाईची तीन बाळं गेली होती. एक पाचवी पुजायच्या आत, दोन रांगायला लागल्यावर. चौथ्या खेपेला मुलगा झाला तेव्हा जाणत्या बायांनी तिथं चालत आलेला उपाय केला. आईनं बाळ उकिरड्यावर नेऊन टाकायचं आणि मागं न बघता घरी यायचं. दुसऱ्या बाईनं ते सुपात घेऊन उचलायचं आणि "मला सापडलं" असं चारचौघांत म्हणायचं. मग ते मूल त्या दुसरीचं. आईनं ते सांभाळायचं, पाजायचं, वाढवायचं, पण "माझं" म्हणून तोंडातून शब्द काढायचा नाही. काढला की ज्यानं पहिली तीन नेली त्याला हे चौथंही सापडतं. सांडून दिलेला, म्हणून नाव सांडू. आणि उचलणारी होती समोरच्या घरातली साळूबाई.

ऐकून मी हसले होते. आवडा हसली नाही. ती म्हणाली, "बाई, तीन गेल्यावर हसू येत नसंल."

रीत अशी की मुलाच्या लग्नात ते परत विकत घ्यायचं. चिमूटभर कोंडा आणि मानाचं लुगडं उचलणारीला द्यायचं, तिनं "तुझं तुला" म्हणायचं, की आई मोकळी. पण सांडूच्या लग्नात गडबड झाली. साळूबाईला आणलेलं लुगडं दगडाबाईच्या नणंदेच्या लुगड्यापेक्षा हलकं निघालं. साळूबाईनं मांडवात पदर हातात धरून पाहिला, सगळ्यांना दाखवला आणि ते लुगडं खुर्चीवर ठेवून ती चालती झाली. दगडाबाईही काही कमी नव्हती. "गेली तर गेली" म्हणाली आणि जेवणाच्या पंगती वाढायला लागली. कोंडा तसाच राहिला. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. मधली गल्ली एवढी अरुंद की एकीनं घासलेल्या भांड्याचं पाणी दुसरीच्या उंबऱ्याला लागायचं, पण चार वर्षं शब्द नाही. आणि सांडू रीतीनं साळूबाईचाच राहिला.

खुद्द सांडूला ह्याचं काही नव्हतं. साळूबाईचा एकुलता एक रामकिसन आणि तो लहानपणापासून जोडीचे. दोघं एकाच दिवशी छावणीत जाऊन फौजेत भरती झाले, आपापल्या पलटणीत सात वर्षं काढून मागंपुढं घरी आले. आता सांडू जिनिंगच्या ट्रकवर ड्रायव्हर होता, सिल्लोडहून कापूस आणायचा. रामकिसन एका वखारीवर मुकादम होता, त्याची बायको तेव्हा माहेरी होती. पण फौजेतून घरी आलेल्याचं नाव आणखी काही वर्षं राखीव म्हणून सरकारकडं राहतं. लागलं तर परत बोलावतात. गल्लीत त्याला सगळे "रिझर्व" म्हणायचे. सांडू रिझर्व, रामकिसन रिझर्व.

एकाहत्तरची दिवाळी झाली आणि त्या एका शब्दानं गल्लीची झोप उडवली.

आधी हे म्हणाले की स्टेशनावर ताडपत्रीनं झाकलेल्या गाड्या उभ्या आहेत. मी विचारलं, पाहिल्या का? नाही, बद्रीनाथनं पाहिल्या. बद्रीनाथचं हॉटेल छावणीच्या रस्त्यावर, आणि स्टेशन तिथून कुठल्या कुठं, पण बद्रीनाथनं पाहिल्या. मग छावणीतला परीट सांगून गेला की साहेबांचे कपडे ओलेच मागवून घेतले. मग कुणी म्हणालं, नगरकडून रात्रभर ट्रक आले. दुसरा म्हणाला, आले नाहीत, गेले. दोघंही शपथा घ्यायला तयार. आमच्या ह्यांचा स्वभाव असा की बातमी रेडिओवर आली की त्यांचा तिच्यावरचा विश्वास उडायचा, आणि तीच बद्रीनाथच्या हॉटेलात ऐकली की पक्का बसायचा. रोज संध्याकाळी ते देशाचा नकाशा पसरून बसत आणि काडेपेटीतल्या काड्यांनी पलटणी हलवत. स्वयंपाकाला काडी मागितली तर म्हणत, "थांब, ती पूर्वेला गेलीय."

एकमेकांवरचा विश्वास तर पारच उडाला. कुणी दोन बाटल्या रॉकेल जास्त घेतलं की ह्याला आतली खबर आहे. कंगवे विकायला आलेल्या एका गरीब माणसानं पाणचक्कीचा रस्ता विचारला, तर पोरांनी त्याला धरून बद्रीनाथच्या हॉटेलात बसवला आणि त्याच्या पेटीतला एकेक कंगवा उन्हात धरून तपासला. मला संताप आला. मी जाऊन सगळ्यांना झाडलं, तर बद्रीनाथ म्हणतो कसा, "मास्तरीणबाई, तुमचे साहेबच म्हणाले धरा म्हणून."

सगळ्यात जास्त संशय सांडूवर. फौजेत होता म्हणजे त्याला माहीत असणारच. लोक त्याला अडवून विचारत, "काय सांडूभाऊ, रिझर्वला कव्हा बोलावणार?" तो म्हणे, "मला काय मालूम!" लोक एक डोळा बारीक करून एकमेकांकडं बघत. माहीत नाही म्हणतोय, म्हणजे माहीत आहे. एकदा कंटाळून तो म्हणाला, "सोमवारी." ते दोन तासांत सगळ्या छावणीत झालं आणि सोमवारी बद्रीनाथच्या हॉटेलात पाय ठेवायला जागा नव्हती.

दगडाबाई ह्या सगळ्यांहून वरचढ. तिला लोकांपेक्षा घरातल्यांचा संशय जास्त. सांडू दोन घास कमी जेवला की तिला वाटे, हुकूम आलाय आणि हा लपवतोय. केस बारीक कापून आला तर ती रडायलाच लागली. एका रविवारी त्यानं फौजेतले बूट काढून त्यांना तेल लावलं. "काऊन रे?" "कातडं सुकतं, माय." तिला पटलं नाही. दुपारी तो झोपल्यावर तिनं ते बूट ज्वारीच्या कणगीत खोल पुरून ठेवले. आठवड्यानं आवडा दळणाला ज्वारी काढायला गेली तर हाताला बूट लागला. आवडाचे दिवस भरत आले होते, आणि घाबरून ती ओरडली ती एवढ्या मोठ्यानं, की हे काड्या तशाच टाकून बाहेर धावले.

मी दगडाबाईला विचारलं, "बूट लपवून बोलावणं चुकतं का हो?"

"मास्तरीणबाई," ती म्हणाली, "तुला काय ठावं. आमी लई बघितलं. रझाकाराच्या वक्ताला दारात येऊन मर्दमाणसाचं नाव इचारायचे. मग पोलीस ॲक्शन झालं, तव्हा दुसरे आले, त्येबी नावच इचारायचे. नाव सांगितलं त्याच्या घरचा माणूस गेला. माझ्या मालकाचं नाव मी कुणालाच सांगितलं नाय, म्हून ते खाटंवर मेले."

कारभारी, तिचे मालक, दोन वर्षांपूर्वी खरोखरच अंथरुणावर, भरल्या घरात वारले होते. रामकिसनचे वडीलही त्याच साली गेले होते.

त्याच सुमारास बद्रीनाथच्या हॉटेलातून नवी बातमी निघाली. ती आमच्या ह्यांनीच घरी आणली: एकुलत्या एका मुलाला रिझर्वमधून बोलावत नाहीत. ज्या आईला दोन, तिचा एक नेतात. ज्या आईला एकच, तिचा राहू देतात. मी म्हटलं, कुणी सांगितलं? म्हणाले, असा नियमच आहे. मी म्हटलं, कुठं लिहिलाय? म्हणाले, असले नियम लिहीत नसतात. सारी गल्ली मात्र दोन दिवस सुखानं झोपली, कारण सांडूही एकटा आणि रामकिसनही एकटा. समोर साळूबाईनं मारुतीला नारळ फोडल्याचं आवडा सांगत होती. दगडाबाईनंही फोडला, पण दुसऱ्या मारुतीला.

आणि मग तो हवालदार आला.

सकाळची वेळ. सांडू सिल्लोडला, रामकिसन वखारीवर. मी दारात तांदूळ निवडत होते. खाकीतला एक मध्यम वयाचा माणूस सायकल हातात धरून गल्लीत शिरला आणि त्याच्यामागं थोडं अंतर राखून निम्मा भावसिंगपुरा. तो दगडाबाईच्या दाराशी थांबला.

"सांडू कारभारी इथंच राहतात का?"

दगडाबाई भिंतीला गोवऱ्या थापत होती. ती वळली, आणि तिचं तोंड पांढरंफटक पडलं.

"तुम्ही त्यांच्या आई का?"

"नाय बाबा," ती म्हणाली. विचार करून म्हणाली असं मला आजही वाटत नाही. पंचवीस-सव्वीस वर्षांची सवय, आणि दारात नाव विचारणारा माणूस. "मला मूलबाळ नाय. समोरच्या साळूचा तो."

हवालदारानं माझ्याकडं पाहिलं. मी काही बोलायला तोंड उघडलं तर दगडाबाईनं शेणाच्या हातानं माझं मनगट धरलं. ते असं घट्ट की मी गप्प बसले. हवालदार गल्ली ओलांडून समोर गेला. साळूबाई उंबऱ्यातच उभी होती. तिनं दगडाबाईचं बोलणं ऐकलेलं असणार, गल्ली ती केवढी! तो काहीतरी विचारत होता, ती हळू आवाजात उत्तरं देत होती. मग तो कागदावर लिहून सायकलवर बसून निघून गेला.

तो कोपऱ्यावरून वळतो न वळतो तोच तर्क सुरू झाले. यादी करायला आला होता. उद्या गाडी आहे. कुणाला किती मुलगे ते बघायला आला होता. एकुलता कोण, दुकटा कोण. ह्यांनी तर जेवायला आल्यावर ठासून सांगितलं, "तेच! तोच नियम!" आणि दगडाबाईनं हातातला तांब्या खाली ठेवला. आपण काय बोलून बसलो ते तिला तेव्हा कळलं.

"म्हंजी मी त्याला बिनआईचा केला," ती म्हणाली.

तेवढ्यात आवडा नळावरून आली. तिनं घागर उतरवली आणि सासूकडं न बघता सांगितलं की समोर हवालदारानं विचारलं, तुम्हाला मुलगे किती? आणि साळूबाई म्हणाली, दोन. रामकिसन आणि सांडू.

दगडाबाईचा संताप मी त्या दिवशी पाहिला. "दोन म्हणाली! रांडेनं दोन सांगितले! समोरचीचा एकुलता म्हणाली असती तं माझ्या... तं सांडू सुटला असता. लुगड्याचा सूड काढला तिनं. त्याला पाठवायचा म्हून दोन सांगितले!" तिचं म्हणणं मला त्या क्षणी पटलं, हे खरं. मनात संशय भरलेला असला की सगळं त्याच्याच बाजूनं दिसतं, आणि महिनाभर आम्ही सगळेच तेच खात-पीत होतो. आवडा खाली बसून पोटावर हात ठेवून रडत होती. माझंही डोकं फिरलं. दगडाबाई तशीच अनवाणी निघाली, तर तिला अडवायचं सोडून मी तिच्यामागं गेले.

चार वर्षांनी तिनं ती गल्ली ओलांडली. साळूबाई चुलीपुढं बसली होती. चूल विझलेली होती. ती उठली नाही.

"तुला किती लेकरं गं साळे?" दगडाबाई दारातूनच ओरडली.

"तुला ठावं हाय."

"मग दोन काऊन सांगितले?"

साळूबाईनं वर पाहिलं. डोळे सुजलेले होते. "तू म्हणालीस तुझा नाय," ती म्हणाली. "मी बी नाय म्हणाले असते तं पोरगं पुन्हा उकिरड्यावर पडलं असतं. मी उचललाय त्याला. सगळ्या गावादेखत उचललाय. माझा नाय असं कोण्या तोंडानं सांगू?"

"पर एकुलत्याला सोडतेत, हे ठावं नव्हतं तुला?"

"ठावं होतं की."

"मग?"

"मग काय? एक म्हणाले असते तं माझा रामकिसन सुटला असता." साळूबाईनं पदर तोंडाला लावला. "दोन म्हणाले, आन् त्याला बी त्यात ओढून बसले."

मी आयुष्यात पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली. त्यातल्या एकानंही कधी एवढं मोठं काही केलेलं मला आठवत नाही. त्या बाईनं चार वर्षं तोंड न पाहिलेल्या शेजारणीच्या पोरासाठी, आपलं एकुलतं पोर पणाला लावून, उंबऱ्यात उभ्या उभ्या "दोन" सांगितलं होतं. आणि आम्ही तिला शिव्या देत आलो होतो. मला लाज वाटली. दगडाबाई मात्र दारातच खाली बसली, आणि दोघी एकमेकींना न शिवता, समोरासमोर बसून रडल्या.

डोळे आधी पुसले ते दगडाबाईनं. "चल," ती म्हणाली. "छावणीत जाऊन सांगू. तुला एक आन् मला एक. दोघंबी सुटतेन."

"सांगशील?" साळूबाईनं विचारलं. "माझा म्हणशील? तोंडानं?"

मी दगडाबाईचा चेहरा पाहत होते. नाही म्हटलं तर दोघांतलं एक पोर जातं आणि साळूबाईचं उपकाराचं ओझं जन्मभर राहतं. माझा म्हटलं तर ती तीन बाळं ज्या वाटेनं गेली ती वाट उघडते. मला हसू येत नव्हतं, हे आवडाला सांगायला हवं होतं.

"तसं सुकं नको म्हणू," साळूबाईच म्हणाली. "रीतीनं घे." तिनं उठून सूप आणलं आणि दळणाचा कोंडा दगडाबाईच्या ओंजळीत घातला, तिनं तो परत साळूबाईच्या पदरात टाकला. लुगड्याचं काय, असं दगडाबाईनं विचारलं. "पेटव तुझं लुगडं," साळूबाई म्हणाली. "तुझं तुला. घे."

छावणीपर्यंत आम्ही तिघी चालत गेलो. मागून गल्ली येऊ नये म्हणून मी दोनदा वळून दरडावलं, तरी बद्रीनाथ हॉटेल पोरावर टाकून पुलापर्यंत आलाच. फाटकावरच्या शिपायानं आम्हाला आत सोडलं नाही, पण सकाळचा हवालदार बाहेर आला. दोन बाया रडून सुजलेल्या आणि बरोबर एक चष्मेवाली मास्तरीण. तो बिचारा गोंधळला.

"साहेब, सकाळी चुकलं," साळूबाई म्हणाली. "मला एकच हाय. रामकिसन."

"आणि सांडू?"

दगडाबाईचे ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. मी तिचा हात धरला. मग ती एकदम मोठ्यानं म्हणाली, जशी काही आख्ख्या छावणीला सांगत होती: "माझा हाय. मी जन्म दिलाय. एकुलता एक. त्याला सोडा."

"सोडा म्हणजे?"

मग मी त्याला तो नियम सांगितला. एकुलता, दुकटा, सगळं. सांगता सांगताच मला कळत गेलं की हा नियम आपण एका हॉटेलातून आणि एका काडेपेटीतून घेऊन आलो आहोत. हवालदार हसला नाही, ह्याबद्दल मी त्याला अजून मानते.

"बाई," तो म्हणाला, "असा काही नियम नाही. एकटा असो की दहातला, हुकूम आला तर जायचं. आणि हुकूम येणार की नाही, ते मलाच ठाऊक नाही. मी घरोघर फिरतोय ते वेगळ्या कामाला. ह्या दोघांच्या कागदावर बायकोनंतर वडिलांची नावं आहेत. वडील वारले. बायका माहेरी-बाहेरी असतात, म्हणून दुसरं नाव लागतं. जवानाला काही झालं तर कळवायचं कुणाला, एवढंच विचारायचं होतं. मुलगे किती ते मी सहज विचारलं, दोघांच्या वडिलांची नावं वेगळी दिसली म्हणून."

फाटकावरचा शिपाई दुसरीकडं बघायला लागला.

"मग सांडूच्या पुढं कुणाचं नाव लिहू?" हवालदारानं हळूच विचारलं. "तुमचं नको असेल तर ह्यांचं राहू देतो. सकाळचं लिहिलेलं आहेच."

साळूबाई पटकन म्हणाली, "राहू द्या माझंच. मी सोशीन."

"नाय," दगडाबाई म्हणाली. आता तिचा आवाज अगदी साधा होता, गोवऱ्या थापताना असायचा तसा. "तिच्या दारात दोनदा यायचं नाय कुणी. त्याचं काय बी झालं तं मला सांगायला या. मी आई हाय त्याची."

त्यानं लिहून घेतलं. परत येताना दोघी माझ्या पुढं चालत होत्या. पुलावर बद्रीनाथ भेटला. "काम झालं ना मास्तरीणबाई?" त्यानं डोळा बारीक करून विचारलं, आणि आम्ही घरी पोचायच्या आधी गल्लीत बातमी पोचली होती की दोघींनी छावणीत जाऊन काहीतरी देऊन पोरांची नावं कापून आणली.

पुढचं आत्ताच सांगून टाकते, ताणून धरायची मला सवय नाही. डिसेंबरात लढाई पेटली, खिडक्यांना काळे कागद लागले, लढाई संपली. सांडूला बोलावणं आलं नाही, रामकिसनलाही नाही. त्यांच्यासारख्या कितीतरी जणांना आलं नाही. पण भावसिंगपुऱ्यातल्या जुन्या माणसांना आजही विचाराल तर ते सांगतील की दगडाबाईनं आपलं पोर सोडवून आणलं, आणि आमचे हे जाईपर्यंत म्हणत राहिले की नियम होताच, हवालदार खोटं बोलला.

त्या दिवशी सांडू दिवस कलता कलता ट्रक लावून घरी आला. गल्लीतल्या पोरांनी त्याला नाक्यावरच अर्धं काहीतरी ऐकवलं असावं. मी माझ्या दारात होते. दगडाबाईनं भाकऱ्या केल्या होत्या, दूध तापवलं होतं, आणि समोरून साळूबाई वाटीभर काहीतरी घेऊन आमच्या अंगणात येऊन बसली होती. ती तिथं बसलेली पाहूनच तो थबकला. त्यानं हात-पाय धुतले, आत वाकून शिरला आणि पाटावर बसला. दगडाबाईनं भाकरी वाढली. मग तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "जेव माझ्या लेकरा."

त्याचा घास हातातच राहिला. त्यानं आईकडं पाहिलं, मग बाहेर साळूबाईकडं, मग पुन्हा आईकडं. सात वर्षं फौजेत काढलेल्या त्या माणसाच्या तोंडाचा रंग गेलेला मी पाहिला.

"माय," तो म्हणाला, "खरं सांग. बोलावणं आलं का माझं?"